मग आम्हाला रागावता कशासाठी?

इ.स. ४२६ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हाद्रुमेतुम या बंदराच्या गावी, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या सूस शहरात, एका ख्रिस्ती मठात भांडण पेटले. फ्लोरस नावाचा तिथला एक संन्यासी उझालिसला गेला होता. तिथल्या मठाच्या ग्रंथसंग्रहात त्याला हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचे एक जुने पत्र सापडले. त्याने ते उतरवून घेतले आणि आपल्या मठाकडे धाडून दिले. पत्राचा मथितार्थ असा, की माणसाच्या हातून जे काही चांगले घडते ते देवाच्या कृपेने घडते. आधी माणूस चांगला होतो आणि मग बक्षीस म्हणून त्याला कृपा मिळते, असा क्रम नाही. मठात हे वाचले गेले आणि काही तरुणांनी सरळ हिशेब मांडला. चांगले वागण्याची इच्छासुद्धा देवच देत असेल, तर आमच्या हातून चूक होते तेव्हा ती इच्छा आम्हाला मिळालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. वडीलधाऱ्यांनी काय करावे ते आम्हाला सांगावे, आमच्यासाठी प्रार्थना करावी. रागावता कशासाठी?

मठाधिपती व्हॅलेंटिनस याला हा गुंता सुटेना. शेवटी क्रेस्कोनियस आणि फेलिक्स हे दोन तरुण संन्यासी खुद्द ऑगस्टीनला गाठायला हिप्पोला, आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाला, गेले. ऑगस्टीन तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. त्याने त्यांना ४२७ चा ईस्टर होईपर्यंत ठेवून घेतले, बरोबर बसून जुनी कागदपत्रे वाचली आणि कृपा व स्वतंत्र इच्छा या विषयावर त्यांच्या मठासाठी एक पुस्तक लिहून दिले. रागावण्याचा प्रश्न पुढे कानावर आला, तेव्हा दुसरेही लिहिले.

त्या तरुणांच्या प्रश्नात लबाडी असेलही, पण तो टाकाऊ नाही. व्यसनात अडकलेला मुलगा, मारझोड पाहत वाढलेला आणि पुढे स्वतः मारझोड करणारा बाप, चुकीच्या हुकमाची तामिली करणारा शिपाई, या सगळ्यांच्या बाजूने हाच प्रश्न आजही उभा राहतो. जे माझ्या हातात नव्हते त्याचा जाब मी का द्यावा? ख्रिस्ती विचारवंतांनी यावर सोळाशे वर्षे वाद घातला आहे. त्या वादातून मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी: माणूस किती मोकळा आहे आणि तो किती उत्तरदायी आहे, ही दोन मापे एक नाहीत. बांधलेला माणूसही उत्तर देणे लागतो, आणि कित्येकदा ते उत्तर देतानाच त्याचे बंध सैल होऊ लागतात.

ऑगस्टीनने हा प्रश्न आयुष्यभर अंगावर वागवला होता. ३५४ मध्ये तागास्ते या लहान गावी जन्मलेला हा मुलगा तरुणपणी नऊ वर्षे मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. त्या पंथाची शिकवण अशी, की जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे झुंजत आहेत आणि माणसाच्या आतही ती दोन्ही आहेत. वाईट करतो तो आपल्यातला अंधार. आपल्या आत्मनिवेदनात ऑगस्टीनने पुढे मोकळेपणाने लिहिले आहे, की ही शिकवण त्याला सुखाची वाटे. पाप झाले तरी ते आपले नसे, आपल्यात राहणाऱ्या दुसऱ्याच कुणाचे असे. त्या सुखातून तो बाहेर पडला. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप ॲम्ब्रोजच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये मित्र इव्होडियसशी झालेल्या संवादाच्या रूपात स्वतंत्र इच्छेवरचा ग्रंथ लिहायला घेतला. (हाच इव्होडियस पुढे उझालिसचा बिशप झाला. ज्या गावातून ते भांडण लावणारे पत्र निघाले, ते हेच गाव.)

त्या ग्रंथातले उत्तर स्पष्ट आहे. वाईट ही वेगळी वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे. देवाने जे निर्माण केले ते सगळे चांगलेच. माणसाची इच्छा मोठ्या चांगल्याकडे पाठ फिरवून लहान चांगल्याला चिकटते, तिथून वाईटाला सुरुवात होते. ही इच्छा माणसाची स्वतःची असते. तीच आपली नसेल तर आपले म्हणण्यासारखे दुसरे काही उरत नाही.

इथवर सगळे सुटसुटीत आहे. पण ऑगस्टीन स्वतःकडे पाहू लागला तेव्हा हे चित्र त्याला अपुरे वाटले. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली होती. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. या क्षुल्लक चोरीवर त्याने पानेच्या पाने लिहिली. ती वाचताना काहींना तो अतिरेक वाटतो, मला वाटत नाही. चोरीतून मिळवायचे काहीच नव्हते, म्हणूनच इच्छेचा वाकडेपणा तिथे उघडा पडतो. पुढे मिलानमधल्या बागेत, जुने आयुष्य सोडायचे ठरवूनही सोडवत नव्हते तेव्हा, त्याला आणखी एक गोष्ट दिसली. मनाने हाताला हलायला सांगितले की हात हलतो, पण मनाने मनालाच हुकूम केला की तो पाळला जात नाही. यामागची कारणमालिका त्याने मांडली ती अशी: वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या आहारी जाण्यातून सवय, आणि सवयीला वेळीच विरोध न केल्याने शेवटी ‘यावाचून चालतच नाही’ ही अवस्था. एकेका टप्प्यावर माणूस मोकळा असतो, आणि शेवटी बांधलेला आढळतो. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तगमग आहे: जे चांगले करायचे म्हणतो ते होत नाही, जे नको तेच हातून घडते. घरात दारूचे व्यसन पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ऑगस्टीनच्याच काळात रोममध्ये ब्रिटनहून आलेला पेलॅजियस नावाचा एक तपस्वी लोकांना शुद्ध आयुष्याकडे वळवत होता. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातली एक प्रार्थना, देव जी आज्ञा करतो ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे अशा अर्थाची, कुणा बिशपने त्याच्यासमोर म्हटली आणि पेलॅजियस खवळला. त्याची भीती अगदी खरी होती. रोमच्या श्रीमंत ख्रिस्ती घरांत ‘आम्ही दुबळे आहोत, काय करणार’ ही पळवाट सगळ्यांच्या सोयीची झाली होती. ४१३ च्या सुमारास देमेत्रियास या खानदानी घरातल्या मुलीने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. तिला लिहिलेल्या पत्रात त्याने आधी माणसाच्या ठायी केवढे सामर्थ्य आहे ते दाखवले. देव न्यायी आहे, तेव्हा तो अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. आज्ञा आहे, म्हणजे ती पाळण्याचे बळही आहे.

पेलॅजियसला पाखंडी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेने ते केलेच. पण आळशी मनाला त्याच्याइतके खडबडून जागे करणारे त्या काळात थोडे होते. त्याची चूक मला वेगळ्या जागी दिसते. त्याच्या चित्रात प्रत्येक माणूस रोज सकाळी कोऱ्या पाटीने उठतो. कालची सवय, आईबापांकडून आलेले, समाजाने अंगवळणी पाडलेले यांचा त्याच्या इच्छेवर जणू काही ठसाच उमटत नाही. असा माणूस कुठे भेटत नाही. शिवाय ज्याला खरोखरच उठता येत नाही त्याला पेलॅजियसची शिकवण फक्त आणखी एक फटका देते.

आता ऑगस्टीनने त्या तरुण संन्याशांना काय सांगितले ते पाहू. चूक तुझी आहे, तू ती स्वतःच्या इच्छेने केलीस, कुणी तुझा हात धरून करवली नाही, म्हणून तुला रागावले जाते. रागावल्याचे तुला दुःख होते, आणि ते दुःखच कदाचित तुला प्रार्थनेपाशी नेईल. कृपा आभाळातूनच उतरते असे थोडेच आहे? एखाद्या मोठ्या माणसाने प्रेमाने केलेली कानउघाडणी हेही तिचे साधन असू शकते. रागावणाऱ्यालाही यात अट आहे. ज्याला रागवायचे त्याच्यावर माया हवी, कारण कोण सुधारणार नाही हे आपल्याला ठाऊक नसते.

त्याच पुस्तकात स्वातंत्र्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आरंभी आदामाला पाप न करणे शक्य होते. अंती, देवाच्या सान्निध्यात, माणसाला पाप करणेच शक्य उरणार नाही. आणि ही दुसरी अवस्था पहिलीहून अधिक स्वतंत्र आहे! आपण स्वातंत्र्य म्हणजे दोन वाटांपैकी कोणतीही धरण्याची मुभा असे धरून चालतो. ऑगस्टीनच्या मते ती फक्त सुरुवात आहे. ज्या आईला आपल्या बाळाला उपाशी ठेवणे जमतच नाही ती काही गुलाम नसते.

हे सगळे मला पटते, आणि तरीही ऑगस्टीनच्या पुढच्या पायरीवर मी थबकतो. कृपा कोणाला मिळते आणि कोणाला नाही हे देवाने आधीच ठरवले आहे, आणि ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यावर अन्याय होत नाही, कारण दंड सगळ्यांच्याच वाट्याचा होता, असे तो म्हणतो. बाप्तिस्म्याविना गेलेली तान्ही मुलेही त्या दंडातून, सौम्य रूपात का होईना, सुटत नाहीत, असे म्हणण्यापर्यंत तो गेला. हे न्याय्य आहे, हे म्हणणे त्याच्या हयातीतही अनेकांच्या गळी उतरले नाही. ५२९ मध्ये ओरांजच्या धर्मसभेने आर्लचा बिशप सेझेरियस याच्या पुढाकाराने मधली वाट धरली. पहिले पाऊल कृपेचे, हे ऑगस्टीनचे म्हणणे तिने राखले. देवाने कुणाला वाईटासाठी नेमून ठेवले आहे, ही कल्पना मात्र तीव्र शब्दांत धिक्कारली.

याच प्रश्नाची आणखी एक बाजू तुरुंगात सोडवली गेली. पूर्व गॉथांचा राजा थिओडोरिक याच्या दरबारातला मोठा अधिकारी बोएथियस राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला आणि ५२४ च्या सुमारास मारला गेला. मरणाची वाट पाहताना त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या अखेरच्या भागात प्रश्न आहे तो असा: मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर मला वेगळे काही करता येईल का? त्याचे उत्तर, देवाला ‘उद्या’ नाही. सगळा काळ त्याच्यापुढे एकाच वेळी उभा आहे. चालणाऱ्या माणसाला आपण पाहिले म्हणून काही आपण त्याला चालवत नाही, तसेच देवाचे पाहणे. आश्चर्य असे की मरणाच्या दारातल्या या ख्रिस्ती माणसाने संपूर्ण पुस्तकात ख्रिस्ताचे नाव घेतलेले नाही. तो तत्त्वज्ञानाशीच बोलत राहिला.

जबाबदारीचे सूक्ष्म मोजमाप करायला तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस बसला. अज्ञान हे त्याच्या विवेचनातले मला सर्वांत उपयोगी वाटणारे प्रकरण. जे कळणे शक्यच नव्हते त्याचा दोष लागत नाही. जे कळायला हवे होते पण हलगर्जीपणाने कळून घेतले नाही, त्याचा लागतो. आणि तिसरा प्रकार आहे तो मुद्दाम राखलेल्या अज्ञानाचा. कारखान्याचे सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाते हे मालक कधीच विचारत नाही, कारण विचारले तर बंद करावे लागेल. असे अज्ञान दोष कमी करत नाही, वाढवते. कॅथॉलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हीच मोजदाद आहे. अज्ञान, भीती, जबरदस्ती, जडलेली सवय यांनी कृत्याची जबाबदारी कमी होते, प्रसंगी नाहीशीही होते. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला समोरच्याने काय केले याबरोबरच कोणत्या अवस्थेत केले हेही पाहावे लागते.

सर्वांत गाजलेला सामना मात्र सोळाव्या शतकातला. १५२४ च्या सप्टेंबरात डच विद्वान इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेच्या बाजूने एक छोटे, सौम्य पुस्तक काढले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२५ च्या डिसेंबरात त्याला दणदणीत उत्तर दिले. इरॅस्मस म्हणतो, बायबल आज्ञांनी, विनवण्यांनी, इशाऱ्यांनी भरले आहे. ऐकणाऱ्याला काहीच करता येत नसेल तर हे सगळे कोणासाठी? त्याने दृष्टान्त दिला आहे तो नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचा. बाप त्याला उठवतो, समोरचे सफरचंद दाखवतो, हात धरून तिथवर नेतो. मुलाने मिरवावे असे यात फारसे काही नाही, पण काहीच केले नाही असेही नाही. ल्यूथर म्हणतो, आज्ञा आपले सामर्थ्य दाखवायला दिलेल्या नाहीत, दुबळेपण दाखवायला दिल्या आहेत. माणसाची इच्छा खोगिराच्या जनावरासारखी आहे. देव बसला तर ती त्याच्या वाटेने जाते, सैतान बसला तर त्याच्या. तरीही माणूस निर्दोष नाही. आपण मानगुटीला धरून पापाकडे फरफटत नेले जात नाही, आवडीने जातो. अपरिहार्यता आणि जबरदस्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ल्यूथरच्या त्या पुस्तकात एक जागा अशी आहे की तिथे त्याचा आवेश ओसरतो आणि माणूस दिसतो. स्वतंत्र इच्छा मिळत असली तरी मला ती नको, असे तो सांगतो. कारण माझे तारण माझ्याच हाती असते तर मी पुरेसे केले की नाही, ही धाकधूक मला कधीच सोडती ना. मठात वर्षानुवर्षे स्वतःच्या पापांची मोजदाद करून थकलेल्या माणसाचे हे बोल आहेत. इरॅस्मसला ही धाकधूक ठाऊक नसावी. म्हणून वादात तो समंजस वाटतो आणि ल्यूथर खोल.

पण त्याच वर्षी ल्यूथरचा विचार एका मोठ्या कसोटीला उतरला नाही. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन इथे जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. तिसरी मागणी वेठबिगारीविरुद्ध होती. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने धनगरापासून थोरामोठ्यापर्यंत सगळ्यांनाच सोडवले आहे, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे? ल्यूथरने उत्तर दिले की हे ख्रिस्ती स्वातंत्र्याला देहाच्या पातळीवर ओढणे झाले. अब्राहामाकडेही गुलाम होते! आतले स्वातंत्र्य खरे मानून बाहेरची गुलामी चालू द्यायची, ही ख्रिस्ती परंपरेतली जुनी दुखरी जागा आहे. ऑगस्टीननेही गुलामगिरीला पापाची परिणती म्हणून मान्य केले होते. याउलट चौथ्या शतकातच निस्साचा बिशप ग्रेगरी याने बायबलातल्या उपदेशकाच्या ग्रंथावरील प्रवचनात गुलाम बाळगणाऱ्यांना थेट जाब विचारला. ज्या माणसाला देवाने आपल्या प्रतिरूपात स्वतंत्र निर्माण केले, त्याची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात केलीत? देव स्वतः ज्याला गुलाम करत नाही त्याला करणारे तुम्ही कोण? ग्रेगरीचे हे प्रवचन चर्चने वेळीच मनावर घेतले असते तर पुढचा फार मोठा इतिहास वेगळा झाला असता.

पुढच्या शतकांत दोन्ही गोटांत हाच वाद आतून धुमसत राहिला. कॅथॉलिकांत जेझुइट मोलिना आणि डॉमिनिकन बान्येझ यांच्या अनुयायांचा तंटा इतका वाढला, की पोप पाचवे पॉल यांनी १६०७ मध्ये कोणाच्याच बाजूने निकाल न देता तो थांबवला. प्रॉटेस्टंटांत १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने स्वतंत्र इच्छेची बाजू घेणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरवले. अमेरिकेत १७५४ मध्ये जोनाथन एडवर्ड्सने एक उपयोगी भेद केला. हात बांधलेल्याला दान देता येत नाही ते वेगळे, आणि कंजूषाला देववत नाही ते वेगळे. पहिल्याला माफी आहे. दुसऱ्याचे ‘जमत नाही’ हाच त्याचा दोष. 

सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न मात्र आपल्या दाराशी येतो. थॉमस अक्वायनस म्हणतो, माणसाची विवेकबुद्धी चुकली असली तरी ती त्याला बांधून असते. एखाद्याची मनोमन खात्री असेल की ख्रिस्तावर विश्वास ठेवणे वाईट आहे, तर त्या खात्रीविरुद्ध जाऊन विश्वास ठेवणे हे त्याच्यासाठी पाप ठरेल. तेराव्या शतकातल्या संन्याशाने हे लिहावे हे थोर आहे. आणि त्याच थॉमसने, श्रद्धा स्वीकारून मग ती सोडणाऱ्या पाखंड्याला देहदंड देणे योग्य ठरवले. ज्याने श्रद्धा घेतलीच नाही त्याच्यावर सक्ती नको, ज्याने घेतली त्याला वचन पाळायला लावावे, असा तो तर्क. ऑगस्टीननेही आपल्या प्रांतातल्या फुटीर ख्रिस्ती पंथावर राजसत्तेचा बडगा उगारणे समर्थनीय मानले होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आले ते याच तर्काने. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुने रीतिरिवाज पाळले म्हणून त्यांना पकडले, कोंडले, जाळलेही. त्याच गोव्यात, साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स लोकांच्या भाषेत, ओवीछंदात आदाम-हव्वेची गोष्ट सांगत होते. १६१६ मध्ये रायतूरला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. माणसाला पटवून द्यायचे, की माणसाला भाग पाडायचे? एकाच भूमीवर, एकाच काळी, एकाच चर्चने दोन्ही केले. भाग पाडणे चुकीचे आहे, श्रद्धेचा होकार स्वतंत्र असला तरच तो होकार, हे कॅथॉलिक चर्चने अधिकृतपणे जाहीर केले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. गोव्याचे इन्क्विझिशन बंद होऊनही तोवर दीडशे वर्षे झाली होती.

त्या जाहीरनाम्याच्या ऐंशी वर्षे आधी एका मराठी बाईने तोच मुद्दा एकटीने लढवला होता. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांची अपेक्षा अशी की नव्या ख्रिस्ती बाईने चर्चने शिकवलेले सगळे सिद्धान्त निमूट स्वीकारावेत. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढल्या. जे सिद्धान्त मानत नाहीत त्यांना नरकात ढकलणारी मतांगीकाराची वाक्ये म्हणायला नकार दिला. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. १८८५ च्या पत्रांत रमाबाईंनी त्यांना खणखणीत उत्तर दिले: मला विवेकबुद्धी आहे, माझे मन आहे, माझी निर्णयशक्ती आहे, भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसऱ्या कुणा धर्माधिकाऱ्यांचे जोखड मानेवर घेण्यासाठी नाही. देवाला जे विचारायचे ते तो मलाच विचारेल, माझ्या वतीने दुसरे कोणी उत्तर देणार नाही. ही पत्रे पुढे सिस्टर जेराल्डीन यांनीच संकलित केली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. उत्तरदायित्वातूनच स्वातंत्र्याचा हक्क कसा निघतो, हे या पत्रांइतके स्वच्छ मी फार थोड्या धर्मशास्त्रज्ञांकडे वाचले आहे.

विसाव्या शतकात तत्त्वज्ञांनी जगात वाईट का, हा प्रश्न पुन्हा काढला. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये विचारले की देवाला, स्वेच्छेने नेहमी चांगलेच निवडणारी माणसे का निर्माण करता आली नाहीत? ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये तर्कशुद्ध उत्तर दिले: माणूस खरा स्वतंत्र असेल तर तो काय निवडेल हे देवही त्याच्याकडून घडवून आणू शकत नाही. त्यांनी वाद जिंकला, पण ऑगस्टीनच्या स्वर्गातली माणसे नेमकी मॅकी म्हणतात तशीच असतात, ही अडचण राहतेच. जॉन हिक यांनी १९६६ मध्येच त्यावर वाट काढली होती. तसा माणूस आयता घडवता येत नाही, तो आयुष्यातून, ठेचा खात घडावा लागतो. मला हे अधिक पटते.

तर्काबाहेर हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला गेला तो हिटलरच्या जर्मनीत. पाद्री डीट्रिख बॉनहोफर हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले. खोटे बोलणे, हत्येच्या योजनेत भाग घेणे हे त्यांना कधीही निष्पाप वाटले नाही. जबाबदार माणूस दुसऱ्यांसाठी दोष अंगावर घेतो आणि स्वतःला निर्दोष ठरवण्याच्या भानगडीत न पडता देवाच्या दयेवर विसंबतो, असे ते लिहीत होते. १९४० मध्येच त्यांनी चर्चच्या वतीने पापकबुलीचा मसुदा लिहिला होता. त्यात येशूच्या सर्वांत दुबळ्या, निराधार भावंडांच्या मृत्यूची जबाबदारी चर्चवर घेतली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फासावर दिले.

दुसरे पाद्री मार्टिन निम्योलर जगले. एकेकाळी त्यांनी हिटलरच्या पक्षाला मत दिले होते. नंतर चर्चच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहिले म्हणून जुलै १९३७ मध्ये पकडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत छळछावण्यांत राहिले. जर्मनीत ‘माझ्या हातात काय होते?’ असे विचारण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना होता. १९४५ च्या शरदात ते पत्नीला आपली डाखाउची कोठडी दाखवायला घेऊन गेले. तिथल्या दहनघरापाशी एक फलक लावलेला होता. त्यावर, इथे माणसे जाळली गेली ती साले दिली होती: १९३३ ते १९४५. निम्योलर पुढे आपल्या व्याख्यानांतून सांगत, की १९३७ नंतरच्या वर्षांचा जबाब माझ्याकडे होता, पण त्या फलकाने मला १९३३ बद्दल विचारले. त्या चार वर्षांत मी मोकळा होतो. तेव्हा कम्युनिस्टांना, ज्यूंना नेत होते आणि मी आपल्या चर्चच्या प्रश्नात होतो.

१९४५ च्याच ऑक्टोबरात स्टुटगार्ट इथे प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी परदेशी पाहुण्यांपुढे दोषाची कबुली दिली. त्यांच्यात निम्योलर होते. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केले नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. जर्मनीत त्यावर गदारोळ उठला. घरे बेचिराख झालेल्या, मुले गमावलेल्या लोकांना वाटले की आम्ही काय करू शकत होतो? हाद्रुमेतुमच्या तरुणांचाच हा प्रश्न, फक्त फार मोठ्या किमतीचा. निम्योलर गावोगाव फिरून त्याचे उत्तर देत राहिले. मात्र त्या कबुलीजबाबात एक शब्द नव्हता: ज्यू. तो उच्चारून, गप्प राहिल्याने आणि काही न केल्याने आम्हीही दोषी झालो, असे म्हणायला त्याच चर्चला एप्रिल १९५० मधली बर्लिन-वाइसेनझेची धर्मसभा यावी लागली.